दगडाला मिळालेले नाव : गोंड समाजाची पुराणकथा आणि इतिहास

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. इयत्ता नववीच्या वर्गात आम्ही भूगोलाचा तास घेत होतो. मूळचे आम्ही इतिहासाचे शिक्षक. परंतु निवासी शाळेत एका शिक्षकाला दोन-तीन विषयांचा भार वाहावा लागतो, हे माजी विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. पाठ खंडांच्या उत्पत्तीचा होता. कोट्यवधी वर्षांपूर्वी भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका हे भूभाग एकत्र होते आणि त्या प्राचीन भूमीला 'गोंडवन' म्हणतात, असे आम्ही सांगत होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, गोंडवन म्हणजे आमच्या गोंडांचं का?"

वर्ग हसला. 'तो शास्त्रातला शब्द आहे, खाली बस,' असे म्हणून आम्ही पुढच्या मुद्द्याकडे वळलो. मुलगा बसला. वर्षभरात त्याने पुन्हा प्रश्न विचारला नाही.

स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा शाळेच्या वाटचालीवर लिहिण्याचा आमचा विचार होता. ती कथा सांगणारे पुष्कळ आहेत. आम्हांस मात्र त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देणे बाकी आहे. पुढील लेख हे ते उत्तर समजावे. ते उशिरा येत आहे, हा दोष आमचा.

नाव कोठून आले

प्रश्न अगदी बरोबर होता. हेन्री मेडलिकॉट या भूवैज्ञानिकाने १८७२ साली मध्य भारतातील विशिष्ट खडकांच्या थरांना 'गोंडवाना' हे नाव दिले. हे थर ज्या प्रदेशात प्रथम अभ्यासले गेले, तो प्रदेश गोंडांचा होता. पुढे १८८५ साली एडवर्ड सुएस या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने त्याच नावावरून संपूर्ण प्राचीन महाखंडाला 'गोंडवाना-भूमी' म्हटले. म्हणजे आज जगातील कोणत्याही देशात शाळकरी मूल ज्या महाखंडाचे नाव शिकते, ते नाव आपल्या शेजारच्या टोल्यावर राहणाऱ्या माणसांचे आहे.

चिखल्याच्या लोकांना याहून जवळचा दाखला देता येईल. आपल्या गावाची ओळख मँगनीजच्या खाणीमुळे आहे. या पट्ट्यातील मँगनीजचा सविस्तर अभ्यास करून लुईस ली फर्मोर या भूवैज्ञानिकाने १९०९ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. मँगनीजयुक्त गार्नेट आणि क्वार्ट्झ यांनी बनलेल्या येथील एका खडकाला त्याने 'गोंडाइट' असे नाव दिले. तेही गोंडांवरूनच. आपल्या पाड्यांतील कितीतरी बापांनी आणि आजोबांनी ज्या खडकात सुरुंग लावले, पाट्या उचलल्या, त्या खडकाच्या नावातच एक समाज दडलेला आहे. खाणीवर राबणाऱ्या गोंड मजुराला मात्र ही गोष्ट कोणी सांगितली नाही.

दगडाला नाव मिळाले, महाखंडाला मिळाले. ज्यांचे ते नाव, त्यांचे काय झाले, हे पाहावयाचे तर त्यांच्या स्वतःच्या कथेपासून आरंभ केला पाहिजे.

कोयतोर

'गोंड' हे नाव इतरांनी दिलेले आहे. हा समाज स्वतःला 'कोया' किंवा 'कोयतोर' म्हणवितो. त्यांची गोंडी भाषा द्राविडी कुळातील आहे. ती तेलुगू, कन्नड आणि तमिळ यांची बहीण आहे. मराठी वा हिंदीची बोली नव्हे. 'गोंडी म्हणजे बिघडलेली मराठी' असा समज आपल्याकडे शिकलेल्या माणसांतही आढळतो. तो मुळातच चुकीचा आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे तीस लाख लोकांनी गोंडी ही मातृभाषा नोंदविली. असे असूनही संविधानाच्या आठव्या अनुसूचीत तिला अद्याप स्थान नाही. २००३ साली संथाळी आणि बोडो यांना ते मिळाले.

गोंडीला लिपी नाही, हेही पूर्ण सत्य नाही. आपल्या शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी स्वतंत्र लिपी तयार केली. तेलंगणातील गुंजाळा या गावी दुसऱ्या एका गोंडी लिपीतील हस्तलिखिते मिळाली आहेत. दोन्ही लिप्यांना आता संगणकाच्या युनिकोड प्रणालीत जागा मिळालेली आहे.

लिंगोची कथा

गोंडांच्या पुराणकथेचा नायक पहांदी पारी कुपार लिंगो. ही कथा परधान समाजाचे गायक किंगरी वाजवून पिढ्यान्पिढ्या गात आले. तिची रूपे अनेक आहेत. छापून आलेले सर्वांत जुने रूप थोडक्यात असे.

आरंभी गोंडांची संख्या फार वाढली. ते रानभर पसरले, मिळेल ते खाऊ लागले, नदीवर स्नान करीनात. त्यांचा वास देवांना सोसवेना. तेव्हा महादेवाने आपल्या अंगच्या मळाची एक खार केली आणि ती त्यांच्यापुढे सोडली. गोंड काठ्या-दगड घेऊन तिच्यामागे धावले. खार एका गुहेत शिरली. तिच्यामागे गोंडही आत गेले. महादेवाने सोळा हात लांबीची शिळा आणून गुहेचे तोंड बंद केले. चौघे भाऊ तेवढे बाहेर राहिले होते. ते कचीकोपा लोहागड या तांबड्या डोंगरांच्या आणि लोखंडी दऱ्यांच्या मुलखात पळून गेले.

पुढे एका फुलातून लिंगोचा जन्म झाला. तो या चार भावांना येऊन मिळाला. त्याने त्यांना जंगल साफ करून शेत करावयास शिकविले. त्यांच्याजवळ अग्नी नव्हता. अग्नी होता रिकाड गवाडी नावाच्या राक्षसाच्या शेतात. धाकटा भाऊ तो आणण्यास गेला आणि घाबरून परत आला. मग लिंगो स्वतः गेला. त्याने भोपळ्याचे तंतुवाद्य केले, पिंपळावर चढून बसला आणि वाजवू लागला. ते सूर ऐकून म्हातारा राक्षस आणि त्याची म्हातारी दोघेही नाचू लागली. भांडण न करता लिंगोला अग्नी मिळाला आणि राक्षसाच्या सात मुली भावांच्या घरी सुना म्हणून आल्या.

त्या सुनांना लिंगोचा मोह पडला. त्याने त्यांना झिडकारले, तेव्हा त्यांनी त्याच्यावर खोटा आळ घेतला. भावांनी चौकशी न करता त्याला ठार केले. देवांनी त्याला अमृताने पुन्हा उठविले. उठल्यावर लिंगोने भावांवर सूड उगविला नाही. तो गुहेत कोंडलेल्या आपल्या लोकांच्या शोधात निघाला.

महादेवाने त्याला अट घातली : समुद्रकाठच्या बिंदो पक्ष्याची पिले आणून दे. त्या पिलांना खाणाऱ्या भवरनाग नावाच्या सर्पाला लिंगोने मारले आणि त्या पक्ष्याच्याच पाठीवर बसून पिलांसह परतला. शिळा हटली. कोंडलेले गोंड उजेडात आले. पुराच्या नदीतून पार होताना मगरीने दगा दिला आणि कासवाने तारले, म्हणून कासवाला न दुखविण्याची शपथ घेतली गेली. शेवटी लिंगोने सर्वांना गोत्रांत वाटले, कोणी कोणाशी सोयरीक करावी याचे नियम घालून दिले, पेनांची म्हणजे देवांची स्थापना केली आणि तो दिसेनासा झाला.

ही कथा कागदावर कशी आली

इतिहासाचा विद्यार्थी येथे थांबून विचारतो : ही कथा कोणी सांगितली, कोणी लिहिली आणि कोणासाठी?

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ च्या सुमारास नागपुरास आले. नागपुरातील हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. भूगर्भशास्त्राचा त्यांना छंद होता. खेड्यापाड्यांतून ते दगड आणि जीवाश्म गोळा करीत आणि आदिवासींची गाणीही उतरवून घेत. एका परधान गायकाकडून त्यांनी लिंगोचे हे गीत गोंडीत उतरवून घेतले. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटाजवळची शिलावर्तुळे पाहून परतताना नदीत बुडून त्यांचा अंत झाला. त्यांचे कागद मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली इंग्रजीत छापले.

हिस्लॉप यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. त्यांनी ते गीत लिहिले नसते तर इतके जुने रूप आपल्या हाती राहते ना. परंतु ज्या परधानाने हजारभर ओळी मुखोद्गत ठेवल्या, त्याचे नाव ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नाही. शिवाय कथेतच दोन आवाज ऐकू येतात. गोंड घाणेरडे, त्यांना वास येतो, म्हणून देवाने त्यांना कोंडले, हा एक आवाज आहे. कोंडलेल्यांना सोडविणारा आपलाच होता आणि त्याने आम्हांला शेती, संगीत, नाती दिली, हा दुसरा. पहिला आवाज गोंडांचा आहे, की शेजारच्या उच्चवर्णीय समाजाने त्यांच्याविषयी बोललेले बोल कालांतराने त्यांच्याच गाण्यात शिरले आहेत? विटाळाच्या कथा ज्यांच्या माथी मारल्या गेल्या, त्या आपणा सर्वांना हा प्रश्न नवा नाही. कोणाला अस्वच्छ ठरवावयाचे आणि त्या कारणाने त्याला गावाबाहेर वा गुहेत बंद करावयाचे, ही रीत आपल्या परिचयाची आहे.

आज गोंड समाज ही कथा स्वतः सांगतो तेव्हा ती वेगळी असते. तिचे स्थळ आपल्यापासून फार दूर नाही. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात दरेकसा स्थानकाजवळ कचारगडची प्रचंड नैसर्गिक गुहा आहे. १९९९ पर्यंत हा भाग आपल्या भंडारा जिल्ह्यातच होता. माघ पौर्णिमेला तेथे मोठी यात्रा भरते. महाराष्ट्राबरोबरच मध्यप्रदेश, छत्तीसगड आणि तेलंगणातून गोंड बांधव येतात. तेथील परंपरेनुसार गुहेत कोंडली गेली ती माता कली कंकालीची तेहतीस मुले. त्यांचा सांभाळ जंगो रायतारने केला होता. हिरासुका पाटालीर या संगीतकाराच्या किंगरीच्या सुरांनी त्या मुलांत बळ संचारले, शिळा हलली आणि लिंगोने त्यांना 'कोया पुनेम' म्हणजे कोयतोरांचा जीवनमार्ग शिकविला. या कथेत कोंडलेली मुले घाणेरडी नाहीत. ती आईपासून दुरावलेली लेकरे आहेत. नागपूरचे मोतीरावण कंगाली (१९४९-२०१५) यांनी ही परंपरा गोंडांच्या बाजूने लिहून काढली. ज्यांची कथा त्यांनीच ती लिहिली, म्हणजे तिचा रोख कसा बदलतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

कथेच्या पोटातील व्यवस्था

पुराणकथा म्हणजे घडलेला इतिहास नव्हे. लिंगो कोणत्या शतकात झाला, असे विचारण्यात अर्थ नाही. मग ती कथा निरुपयोगी आहे काय? तसेही नाही. लिखित कायदा नसलेल्या समाजात कथाच कायद्याचे काम करते.

लिंगोने घालून दिलेल्या गोत्रव्यवस्थेत चार, पाच, सहा आणि सात देवांचे 'सगा' आहेत. एका सगातील मुलामुलींनी आपापसांत विवाह करावयाचा नाही. सोयरीक दुसऱ्या सगाशी करावयाची. त्यामुळे प्रत्येक कुटुंबाला दूरच्या गावाशी नाते जोडावे लागते आणि रानात विखुरलेला समाज एका विणीत राहतो. परंपरेने गोत्रांची संख्या साडेसातशे सांगितली जाते. प्रत्येक गोत्राने एक झाड, एक प्राणी आणि एक पक्षी पूज्य मानावा, त्यांना इजा करू नये, असा दंडक आहे. आपल्या गोंड बांधवांची आडनावे, मडावी, उईके, मरसकोल्हे, कुंभरे, टेकाम, ही त्या गोत्रांचीच नावे होत. शाळेच्या हजेरीपटात ती रोज उच्चारली जातात. त्यामागे सबंध समाजशास्त्र उभे आहे, हे आम्हांसही फार उशिरा उमगले.

पर्सापेन हा मोठा देव. त्याचे भव्य मंदिर नसते. त्याची प्रतीके साजाच्या झाडावर वा घराबाहेर जपून ठेवतात आणि ठरलेल्या वेळी काढून पूजतात. दगडी देवळात ज्यांना प्रवेश नव्हता, असा हा समाज नाही. त्याला देवळाची गरजच वाटली नव्हती.

राज्ये होती, किल्ले होते

'जंगलात राहणारे लोक' एवढीच गोंडांची ओळख पाठ्यपुस्तके देतात. वस्तुतः मध्य भारतात काही शतके गोंड राजांची सत्ता होती. गढा-मंडला, खेरला, देवगड आणि चांदा ही त्यांची चार प्रमुख राज्ये. मंडल्याच्या संग्रामशहाकडे बावन्न गड होते असे सांगतात. त्याची सून राणी दुर्गावती १५६४ साली अकबराच्या सैन्याशी लढताना धारातीर्थी पडली. चंद्रपूर शहराचा परकोट आजही चांद्याच्या गोंड राजांची साक्ष देत उभा आहे.

आपला भंडारा प्रदेश देवगडच्या राज्याशी निगडित होता. देवगडचा राजा बख्त बुलंद शहा याने १७०२ साली लहान लहान बारा वस्त्या एकत्र करून नागपूर शहर वसविले. शेतकरी, कारागीर, व्यापारी यांना त्याने बोलावून आणले. ज्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, ते नगर एका गोंड राजाने उभे केलेले आहे, ही गोष्ट दीक्षाभूमीवर जाताना आपण स्मरणात ठेवावी. आपल्याच तुमसर तालुक्यातील आंबागडचा किल्ला इ.स. १७०० च्या सुमारास बख्त बुलंदाच्या पदरी असलेल्या राजा खान पठाण याने बांधला. आमच्या शाळेच्या सहली तेथे गेल्या आहेत. मुलांनी तटावर बसून डबे खाल्ले. हा किल्ला कोणाच्या राज्याचा, हे आम्ही त्यांना नीट सांगितले होते की नाही, याची खात्री देववत नाही.

देवगडच्या गादीवरील भाऊबंदकीत रघूजी भोसले यांना मध्यस्थीसाठी बोलावण्यात आले. मध्यस्थच पुढे धनी झाला आणि १७४३ पर्यंत नागपूरची सत्ता भोसल्यांकडे गेली. गोंड राजा नावापुरता, पेन्शनीवर उरला. १७५१ मध्ये चांदाही भोसल्यांकडे गेला. पुढे १८५३ साली डलहौसीने नागपूर खालसा केले.

१८५७ च्या उठावात गोंडांनी दिलेली किंमत मोठी आहे. राजा शंकरशहा आणि त्यांचा पुत्र रघुनाथशहा यांना १८ सप्टेंबर १८५७ रोजी जबलपूर येथे तोफेच्या तोंडी देण्यात आले. चांदा जिल्ह्यातील मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध सैन्य उभे केले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबर रोजी चांद्याच्या कारागृहात त्यांना फाशी देण्यात आली. ते तेव्हा पंचवीस वर्षांचे होते.

जंगल गेले, खाण आली

तलवारीने हरलेला समाज रानाच्या आधारावर तग धरू शकला असता. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी तोही आधार काढून घेतला. राखीव जंगल जाहीर झाले. फिरती शेती गुन्हा ठरली. मोह, तेंदू, डिंक, लाकूड यांवरचा वहिवाटीचा हक्क परवानगीवर आला. ज्याची गोत्रव्यवस्थाच झाडाझुडपांवर उभी, तो आपल्याच झाडाखाली अतिक्रमणदार झाला.

१८९६ मध्ये मँगनीजच्या शोधासाठी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट स्थापन झाली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी नागपूर, भंडारा व बालाघाटच्या पट्ट्यात खाणी उघडल्या. पोलाद तयार करण्यास मँगनीज लागते. ते युरोपला जाऊ लागले. १९६२ साली या खाणींसाठी भारत सरकारच्या सहभागाने आजची मॉयल कंपनी स्थापन झाली. खाणीने आपल्याला मजुरी दिली, पुढे वेतन, दवाखाना, शिक्षण दिले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. आमचे आणि अनेक पालकांचे घर खाणीच्याच पगारावर उभे राहिले. पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. जमिनीचा धनी असलेला माणूस जमिनीखालचा मजूर झाला. पूर्वाश्रमीचे महार आणि गोंड येथे एकाच पाळीत, एकाच अंधारात उतरले. सोबतीने घाम गाळला. परंतु एकमेकांची कथा एकमेकांना सांगितली नाही.

सातासमुद्रापार एक सख्खे उदाहरण

मूळनिवासी समाजाचे नाव उरावे आणि समाज बाजूला पडावा, हे केवळ येथेच घडले असे नाही. अमेरिकेत रॉकी पर्वताच्या प्रदेशात यूट नावाचा समाज आहे. अमेरिकेतील युटा या राज्याचे नाव त्यांच्यावरून पडले. त्यांची उत्पत्तिकथा ऐकली की लिंगोची आठवण येते. सिनावाव या निर्मात्याने काठ्या तोडून पिशवीत भरल्या. तो दूर गेला असता कोल्ह्याच्या जातीच्या कायोटी या खोडकर प्राण्याने कुतूहलाने पिशवी उघडली. आतून माणसे बाहेर पडली आणि वेगवेगळ्या भाषा बोलत चहूकडे पांगली. सिनावाव परतला तेव्हा पिशवीत थोडीच उरली होती. तो म्हणाला, हे यूट होत. संख्येने अल्प, परंतु शूर. एकीकडे बंद गुहा, दुसरीकडे बंद पिशवी. एकमेकांचे नावही न ऐकलेल्या दोन समाजांनी आपला आरंभ बंदिवासातून बाहेर पडण्यात पाहिला.

त्यांचा इतिहासही ओळखीचा वाटेल. १८६८ च्या तहाने कोलोरॅडोच्या पश्चिमेकडील मोठा प्रदेश त्यांच्यासाठी राखून ठेवण्यात आला. सान हुआन पर्वतात सोने-चांदी सापडताच १८७३ च्या करारान्वये तो खाणपट्टा त्यांच्याकडून काढून घेण्यात आला. १८७९ मध्ये व्हाइट रिव्हर येथील सरकारी अधिकाऱ्याने त्यांना बळाने शेतकरी करण्याचा हट्ट धरला. त्यातून संघर्ष पेटला आणि १८८१ मध्ये बहुतेक यूटांना कोलोरॅडोतून हाकलून युटाच्या राखीव क्षेत्रात नेण्यात आले. ते संपले मात्र नाहीत. आज त्यांची तीन राखीव क्षेत्रे आहेत, स्वतःची शासनमंडळे आहेत आणि दर वसंतात ते आपले अस्वल-नृत्य करतात.

याच १८७९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील कार्लाइल येथे मूळनिवासी मुलांसाठी सरकारी निवासी शाळा सुरू झाली. अशा अनेक शाळा पुढे निघाल्या. तेथे मुलांचे केस कापले जात, नावे बदलली जात, मातृभाषेत बोलल्यास शिक्षा होई. शिकविणाऱ्यांची खात्री होती की आपण त्या मुलांचे भलेच करीत आहोत.

हे वाचताना आम्हांस आमचा तो नववीचा वर्ग आठवला. आमची शाळा तशी नाही. येथे कोणाचे नाव बदलले गेले नाही, भाषेसाठी छडी बसली नाही. उपेक्षितांच्या मुलांनी ताठ मानेने उभे राहावे म्हणूनच ती निघाली. पण हसू हीदेखील एक शिक्षा असते. ज्या वर्गात मुलाचा प्रश्न हसण्यावारी जातो, त्या वर्गाच्या दाराशी एक लहानशी शिळा सरकलेली असते, आणि ती सरकविणारा शिक्षक भला माणूस असू शकतो.

आपले कर्तव्य

१ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी गेले. तो स्तंभ शंभर वर्षांहून अधिक काळ तेथे उभाच होता. त्यावरील नावे आपल्या पूर्वजांची आहेत, हे त्यांनी समाजाला वाचून दाखविले आणि दगडाचा अर्थ बदलला. गोंडाइटच्या दगडावरचे नाव वाचून दाखविण्याचे काम असेच बाकी आहे.

यात एक सावधगिरी मात्र हवी. कथेत भवरनाग आला की 'हे नाग लोकच', लिंगो दिसला की 'हे बुद्धाचेच रूप', असे निष्कर्ष आपल्या काही व्याख्यानांतून ऐकू येतात. नुसत्या नामसाम्यावरून इतिहास सिद्ध होत नाही. ज्यांनी आपल्याला आपापल्या पुराणात ओढून घेतले त्यांच्याशी आपण झगडलो. तोच प्रकार आपण गोंडांच्या बाबतीत करू नये. त्यांचा पुनेम त्यांचा आहे. मैत्रीसाठी दोघांचे पूर्वज एक असावे लागत नाहीत. एकमेकांच्या पूर्वजांविषयी आदर असला म्हणजे पुरते.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २९ ने वेगळी भाषा, लिपी वा संस्कृती असलेल्या नागरिकांच्या प्रत्येक गटास ती जतन करण्याचा हक्क दिला आहे. अनुच्छेद ३५० क भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयींविषयी राज्यांना सांगतो. संविधानाची ही कलमे आपण भाषणात उच्चारतो. ती वर्गात उतरली पाहिजेत. गोंडी आज आपल्या परिसरातील अनेक घरांत आजीला येते, आईला समजते आणि मुलाला येत नाही. अशा घरात भाषेचे आयुष्य एका आजीच्या आयुष्याएवढेच उरते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची विनंती आहे. ज्यांच्या घरी लिंगोची, जंगोची, पेनांची गाणी अजून कोणास येतात, त्यांनी ती मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावी. सोबत गाणाऱ्याचे नाव, गाव आणि दिनांक लिहावा. परधानाचे नाव हरवले, तसे पुन्हा होऊ नये. ती शाळेच्या ग्रंथालयात द्यावी. आम्ही निवृत्त होईपर्यंत ती लिहून काढण्याचे काम करू. पुढे दुसरे कोणी करील. दरवर्षी नववीच्या वर्गात गोंडवनाचा पाठ आला की एखाद्या गोंड आजीला शाळेत बोलवावे, अशी सूचना आम्ही मुख्याध्यापकांकडे केली आहे.

तो विद्यार्थी आता स्वतः बाप झाला आहे. ही स्मरणिका त्याच्याही हाती पडेल. त्यास आमचे सांगणे एवढेच : होय बाळा, गोंडवन म्हणजे तुमचेच. उभा राहून विचारलेस, बरे केलेस. तुझ्या मुलाला आमच्या वर्गात पाठव. या वेळी आम्ही त्याला खाली बसविणार नाही.

जय भीम. सेवा जोहार.